टाकीत अनोळखी समुद्री गोगलगाय दिसली? नावाआधी तिचं ताट शोधा

दिवे मालवून तासभर झाला की लाल उजेडाची टॉर्च घेऊन खाऱ्या पाण्याच्या टाकीत डोकवायचं. ही सवय ज्याला लागली, त्याला कधी ना कधी ते दर्शन घडतंच. खडकाच्या कडेने एक पेरभर लांबीचा मऊ जीव निघालेला असतो. पाठीवर शंख नाही, डोक्यावर दोन शिंगं, आणि आपण तो कधी विकत आणलेलाच नाही! प्रवाळाच्या तुकड्याला किंवा लाइव्ह रॉकला (बारीक जीवांनी भरलेल्या समुद्री खडकाला) चिकटून तो फुकट आलेला असतो. दुसरा प्रसंग दुकानातला. निळ्या-काळ्या पट्ट्यांची, केशरी काठाची गोगलगाय समोरच्या काचेवर असते आणि आपला जीव तिच्यात अडकतो.

दोन्ही वेळा आपण आधी विचारतो, "हिचं नाव काय?" नाव उशिरा सापडलं तरी चालतं. आधी कळायला हवं की ती खाते काय. खाण्याच्या बाबतीत समुद्री गोगलगायींइतका हट्टी जीव या छंदात क्वचितच भेटतो. कित्येक जातींचं अख्खं आयुष्य मोजक्या जातींच्या स्पंजावर, एखाद्याच शेवाळावर किंवा एकाच प्रकारच्या प्रवाळावर जातं. ते मिळालं नाही तर उपाशी मरतील, पण दुसऱ्या कशाला तोंड लावणार नाहीत.

हे मला ठेच लागून कळलं. माझी पहिली गोगलगाय क्रोमोडोरिस होती, वर लिहिली तशीच पट्टेरी. "शेवाळ खाते, काही बघावं लागत नाही," असं विकणाऱ्याने सांगितलं आणि मी मान डोलावली. पाच आठवडे ती काचेवरून, खडकांवरून सतत फिरत होती. मला वाटायचं, रमली. आणली तेव्हा ३५ मिलिमीटर होती, शेवटच्या आठवड्यात २० सुद्धा भरली नसती. रंग मात्र शेवटपर्यंत झगझगीत. क्रोमोडोरिस स्पंज खातात, तोही ठरलेला, आणि माझ्या टाकीत तो नव्हता. ती फिरत होती ती अन्न शोधत.

पहिली पायरी: हात आवरा, फोटो काढा

अनोळखी गोगलगाय दिसली की चिमट्याने उचलून बाहेर काढायची घाई होते. पाण्याबाहेर आली की तिचा नुसता चिकट गोळा होतो, शिंगं-कल्ले सगळं आत जातं आणि ओळखायला काही उरत नाही. तिला पाण्यातच राहू द्या. हलवायचीच असेल तर रुंद तोंडाच्या पिपेटने हलकेच ओढून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या पारदर्शक डबीत सोडा. पाच-दहा मिनिटांत ती अंग पसरते.

मग तीन फोटो: वरून, बाजूने आणि डबीच्या तळातून. तळाचा फोटो बहुतेक जण विसरतात, पण पायाची रुंदी, तोंडाची ठेवण आणि काही जातींचे कल्ले खालूनच दिसतात. डबीखाली पट्टी ठेवून ती चालत असताना लांबी मोजा. आखडलेल्या गोगलगायीचं माप घेण्यात अर्थ नाही.

त्याहून मोलाची एक नोंद आहे: ती सापडली कुठे? कुठल्या प्रवाळाखाली, कुठल्या शेवाळात, कुठल्या स्पंजाशेजारी, किती वाजता? डबीत घालण्यापूर्वीच हे लिहून ठेवा. ओळखीची निम्मी लढाई इथेच जिंकलेली असते, कारण या बाईसाहेब सहसा आपल्या ताटातच बसलेल्या सापडतात.

उघड्या हाताने धरू नका. आपल्याकडची म्हण आहे, गोगलगाय आणि पोटात पाय. गोगलगायींच्या वर्गाचं शास्त्रीय नाव 'गॅस्ट्रोपॉड', त्याचा ग्रीक अर्थही अगदी तोच, पोट आणि पाय. म्हणीतला गर्भित अर्थ समुद्री गोगलगायींना जास्तच लागू पडतो. शंख टाकून दिल्यावर त्यांनी स्वसंरक्षणासाठी विष, आम्ल आणि उसने डंख जवळ केले. २००९ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळच्या किनाऱ्यांवर कुत्री मेली. तिथल्या प्ल्यूरोब्रँकिया मॅक्युलाटा या राखाडी, दिसायला अगदी सामान्य गोगलगायीत टेट्रोडोटॉक्सिन सापडलं. फुगा माशात असतं तेच हे विष.

दुसरी पायरी: ही गोगलगाय आहे तरी का?

घरच्या टाकीत 'विचित्र सी स्लग', म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय, म्हणून जे दिसतं, ते अनेकदा स्टोमाटेला निघतं. ही खरं तर शंख असलेलीच गोगलगाय. पण तिचा शंख नखासारखा चपटा आणि पाठीच्या तुकड्यापुरताच असतो, बाकी काळं-करडं अंग बाहेर. चालते गोगलगायीला न शोभेल इतकी भरभर. घाबरली की शेपटीकडचा तुकडा तोडून टाकते आणि पळते. तो तुकडा वळवळताना पाहून नवखे हादरतात. काळजी नको, शेपटी परत वाढते. ती खडकावरचा शेवाळाचा थर खरवडून खाते, प्रवाळांना हात लावत नाही आणि टाकीत आपोआप वाढते. स्टोमाटेला निघाली तर डबी उलटी करून तिला घरी पाठवा.

दुसरी फसगत चपट्या कृमींची. काही चपटे कृमी क्रोमोडोरिससारखेच रंगीत असतात. फरक जाडीत आहे. कृमी कागदासारखा पातळ, ओल्या रुमालासारखा खडकाच्या प्रत्येक खाचेत बसणारा. त्याच्या पुढच्या टोकाला शिंगासारखं जे दिसतं, ती अंगाच्या कडेचीच घडी असते. गोगलगायीला खाली स्पष्ट पाय असतो, अंगाला जाडी असते आणि शिंगं डोक्यातून वेगळी उगवलेली असतात.

कवडीने आपली झालर शंखावर चढवली की तीही स्लगच वाटते. मऊ ब्रशने हलकं टोकलं की झालर मागे सरते आणि चकचकीत शंख उघडा पडतो. स्क्युटस नावाची काळीभोर, मोठी गोगलगायही अशीच फसवते. तिच्या काळ्या अंगाखाली ढालीसारखा पांढरा शंख लपलेला असतो.

तिसरी पायरी: कल्ले आणि शिंगं पाहून घराणं ठरवा

जात ठरवणं तज्ज्ञांनाही जड जातं. एकट्या न्यूडिब्रँक, म्हणजे उघड्या कल्ल्यांच्या गोगलगायींच्या गटातच ३००० हून अधिक जाती आहेत. घराणं मात्र नवख्यालाही तासाभरात ठरवता येतं, आणि ताटाचा अंदाज बांधायला तेवढं पुरतं.

पाठीच्या मागच्या भागात पिसांचा तुरा किंवा उमललेलं फूल दिसलं, तर ती डोरिड. ते फूल म्हणजे तिचे कल्ले, गुदद्वाराभोवती गोल मांडलेले. ब्रशची सावली पडली तरी अनेक डोरिड ते फूल आत ओढून घेतात. शिंगांवर पुस्तकाच्या पानांसारख्या आडव्या चकत्या असतात. डोरिड म्हटलं की आधी स्पंज आठवायचा. सगळ्याच तो खातात असं नाही, पण दुकानात दिसणाऱ्या रंगीबेरंगी डोरिड बहुधा स्पंजखाऊच. या घराण्यात एक अपवाद लक्षात ठेवा. फिलिडियांच्या पाठीवर फूल नसतं, कल्ले झालरीखाली लपलेले असतात. काळ्या अंगावर निळसर उंचवटे आणि त्यांवर पिवळे फोड अशी खडबडीत पाठ दिसली तर ती फिलिडिया व्हॅरिकोझा असण्याची शक्यता धरा आणि सावध व्हा.

पाठभर बोटांसारख्या लांबट कळ्यांचे झुबके असतील, तर ती इओलिड. त्या कळ्यांना सेराटा म्हणतात. प्रत्येक कळीत पचनग्रंथीची एक फांदी शिरलेली असते, म्हणून इओलिडच्या अंगात तिचं कालचं जेवण दिसतं. बऱ्याच इओलिड समुद्रफुलं, हायड्रॉइड (त्यांचे झुडपासारखे बारीक नातलग), प्रवाळ अशा डंखधारी जिवांवर जगतात. भक्ष्याच्या डंखपेशी न फोडता गिळून कळ्यांच्या टोकांत साठवतात आणि स्वतःचं शस्त्र म्हणून वापरतात. चोरीचा माल असा अंगावर मिरवणारं प्राणिजगतात फारसं कुणी नाही.

हिरवं, पानासारखं, कडांना चुण्यांची झालर असलेलं अंग म्हणजे रसशोषक सॅकोग्लोसा. यांची शिंगं सुरळी केलेल्या कागदासारखी, आणि बहुधा एकच जोडी. यांच्यातल्याही काहींना सेराटा असतात, त्यामुळे इओलिडशी गल्लत होते. तेव्हा सापडली कुठे ते आठवा. हिरव्या शेवाळात बसली होती का? मग पारडं इकडे झुकतं.

बाकीची तीन घराणी लवकर आटपू. सशाचे कान वाटावेत अशी वळलेली शिंगं, भरदार अंग आणि पाठीवर दोन पाळ्या, म्हणजे सी हेअर. ही शेवाळ खाते. डोकं खोऱ्यासारखं सपाट, शिंगंच नाहीत आणि शेपटीला दोन टोकं, म्हणजे ढालडोकी केलिडोन्यूरासारखी जात. ही शिकारी असते. आणि अंगाच्या उजव्या बाजूला झालरीखाली एकच पिसासारखा कल्ला, म्हणजे प्ल्यूरोब्रँक. यांच्यातल्या बऱ्याच जाती डिवचल्यावर त्वचेतून सल्फ्युरिक आम्ल सोडतात, तेव्हा त्यांना डिवचू नये.

नेमकं नाव हवंच असेल तर तिन्ही फोटो आणि सापडल्याची जागा आयनॅचरलिस्टसारख्या, फोटोवरून जीव ओळखून देणाऱ्या संकेतस्थळावर टाका, जाणकार मदत करतात. फक्त रंगावरून नाव ठरवू नका. एकाच जातीत रंग बदलतात आणि वेगळ्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. लॅटिन नावंही फिरत राहतात. छंदात वर्षानुवर्षं 'बर्गिया व्हेरुसिकॉर्निस' म्हणून विकली गेलेली गोगलगाय वेगळीच निघाली आणि २००५ मध्ये तिला स्वतंत्र नाव मिळालं. आज ती बर्गिया स्टेफनीए आहे.

चौथी पायरी: ठेवायची की नाही

प्रश्न एकच. तिचं ताट माझ्या टाकीत आज आहे का, आणि सहा महिन्यांनी असेल का? "देऊन बघू" हे उत्तर नाही.

लेट्यूस स्लग, एलिझिया क्रिस्पाटा. पहिली गोगलगाय ठेवायची तर माझं मत हिला, तेही अटींवर. ही कॅरिबियन आणि फ्लोरिडाकडची. अंगावर हिरव्या-निळसर चुण्या, कोशिंबिरीच्या पानासारख्या. शेवाळाच्या पेशीला दातांच्या एकेरी रांगेने भोक पाडून रस शोषते आणि त्यातली हरितलवकं (उजेडातून अन्न बनवणारे हिरवे कण) न पचवता अंगात जपून ठेवते. टाकीत डोकेदुखी ठरणाऱ्या ब्रायॉप्सिस या हिरव्या शेवाळाचा अख्खा धागा आतून सलग, मधे भिंती नसलेला. त्यामुळे एक भोक पाडलं की रस मिळत राहतो. डर्बेसिया या दुसऱ्या शेवाळाचंही तसंच. पण 'हिरवं दिसतं ते सगळं खाते' हा गैरसमज आहे. काचेवरचा थर किंवा भिंती असलेल्या पेशींचं केसाळ शेवाळ तिच्या कामाचं नाही. तुमच्याकडे नेमकं कुठलं शेवाळ आहे ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं. धाग्यात आडव्या भिंती दिसल्या तर ही गोगलगाय आणू नका.

"ती तर सूर्यप्रकाशावर जगते ना?" हा प्रश्न हमखास येतो. हरितलवकं तिच्या अंगात प्रकाशसंश्लेषण करतात हे खरं. पण तेवढ्यावर ती पोसली जाते असं समजू नका. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तिच्या नात्यातल्या दोन जाती उपाशी ठेवल्या, काही उजेडात आणि काही अंधारात. दोन्हीकडच्या महिनोन्‌महिने तगल्या आणि दोन्हीकडच्या रोडावल्या. म्हणजे दिवा हे जेवण नाही. भुकेली लेट्यूस स्लग आधी फिकट होते, मग लहान होत जाते आणि पाच सेंटिमीटरवरून दोनवर येते. हळूहळू होतं म्हणून लक्षात येत नाही, एवढंच.

बर्गिया स्टेफनीए. ही खरी कामकरी. दोन-अडीच सेंटिमीटरची पांढुरकी इओलिड, खाते फक्त आयप्टेशिया, म्हणजे टाकीभर पसरून प्रवाळांना डंख मारणारं ते तपकिरी समुद्रफूल. कैदेत पैदास होत असल्याने समुद्रातून ओरबाडलेली नसते, हाही मोठा मुद्दा. पोट भरलेलं असलं की कळ्या तपकिरी दिसतात, उपाशी असली की पांढऱ्या. तिची तब्येत अशी आरपार वाचता येते. एकटीदुकटी आणू नका, टाकीच्या मानाने घोळका आणा. दिवे गेल्यावर, प्रवाह मंद करून, पिपेटने थेट आयप्टेशियाजवळ सोडा. पहिले काही आठवडे काहीच घडत नाही असं वाटेल, कारण त्या रात्रीच्या मजूर आहेत. आयप्टेशिया संपला की त्यांचं ताटही संपलं. त्या दिवसाची सोय आधीच करून ठेवायची.

केलिडोन्यूरा व्हेरियन्स. मखमली काळ्या अंगावर विजेसारख्या निळ्या रेघा. लाल चपट्या कृमींचा सुळसुळाट झालेल्या टाकीत ती त्यांच्या चिकट वाटेचा माग काढत जाते आणि त्यांना अख्खं गिळते. काम चोख, मुक्काम छोटा. कृमी संपले की काही आठवड्यांत तीही जाते. आणायचीच असेल तर कृमींनी त्रासलेल्या आणखी दोघा-तिघांशी बोलून फिरती ठेवा.

सी हेअर. डोलाबेला ऑरिक्युलॅरिया केसाळ शेवाळ बकरीसारखी फस्त करते. पण ती ४० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते हे बहुतेकांना आणल्यावर कळतं. दोनशे लिटरच्या आतल्या टाकीत तिला आणू नये असं मला वाटतं. शेवाळ संपल्यावर बिनमसाल्याची नोरी (खायचं सुकवलेलं समुद्री शेवाळ) दगडाला बांधून देता येते आणि बऱ्याच जणी ती खातात, हा तिचा मोठा गुण. बर्साटेला लीची ही फाटक्या गोधडीसारखी दिसणारी, निळ्या ठिपक्यांची जात वाळूवरच्या सायनोबॅक्टेरियाच्या, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंच्या थरावर जगते, तिलाही तेच लागतं. भीती असते शाईची. ॲप्लिसियासारख्या काही जाती दचकल्यावर जांभळी शाई सोडतात. शाईचा रंग त्यांनी खाल्लेल्या लाल शेवाळातून येतो, म्हणून लाल शेवाळ न मिळालेल्या गोगलगायीची दौत रिकामी असते. याच ॲप्लिसियाच्या मोठाल्या चेतापेशींवर एरिक कँडेल यांनी स्मरणशक्तीचं काम केलं आणि २००० साली नोबेल मिळवलं. एवढी कीर्ती असूनही बिचारीचं आयुष्य साधारण वर्षभराचंच! म्हातारी होऊन मेली तर स्वतःला दोष देऊ नका.

आता 'नको'ची यादी, आणि यात सगळ्या सुंदऱ्या आहेत. क्रोमोडोरिस आणि तिच्या नात्यातल्या रंगीत डोरिड: स्पंजाअभावी उपासमार. स्पॅनिश डान्सर, म्हणजे हेक्साब्रँकस: लाल झगा फडकवत पोहणारी, ४० सेंटिमीटरच्या पुढे वाढणारी, तीही स्पंजखाऊ, टाकीत फक्त हळहळ. सशाच्या पिल्लासारखी दिसणारी जोरुना पार्वा फोटोपुरतीच बरी. १९९३ मध्ये जपानच्या कुरोशिमा बेटावरून वर्णन झालेली कोस्टासिएला कुरोशिमाए, जिला 'लीफ शीप' म्हणतात, काही मिलिमीटरची असते आणि तिला ॲव्हरेनव्हिलिया नावाचं शेवाळ लागतं. ते शेवाळ आधी वाढवून दाखवा, मग तिचं नाव काढा. ग्लॉकस, निळा ड्रॅगन, समुद्राच्या पृष्ठभागावर उलटा तरंगतो आणि पोर्तुगीज मॅन ऑफ वॉरसारखे विषारी तरंगते जीव खातो. त्याचे डंख तो हातालाही देतो. त्याला टाकीत ठेवायचा विचार एका वाक्यात संपावा.

आणि फिलिडिया. हिच्या बाबतीत मी हुज्जत घालत नाही. ताणाखाली आली की तिच्या त्वचेतून विषारी चिकट द्रव सुटतो, आणि बंद पाण्यात तिच्यासोबतचे मासे, झिंगे मरतात. १९६३ मध्येच हे छापून आलं होतं. समुद्रात तो द्रव वाहून जातो, टाकीतून कुठे जाणार? उपाशी मरेल ती तर टाकीला घेऊन मरेल.

पाचवी पायरी: फुकट आलेली प्रवाळखाऊ असेल तर

प्रवाळावर सापडलेली छोटी इओलिड दिसली की आधी संशय घ्यायचा. मॉन्टिपोरा प्रवाळाच्या कडेला पांढरे, कुरतडल्यासारखे डाग पडले आणि खालच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे झुपकेदार जीव सापडले, तर ती फेस्टिला सबओडिओसा असण्याची दाट शक्यता. हिला नाव मिळालं २०२० मध्ये, पण प्रवाळ पाळणारे तिला त्याआधीपासून शिव्या देत होते. झोअँथिड, म्हणजे प्रवाळांच्या नात्यातले बटणांसारखे झुपके; त्यांच्यावर येणाऱ्या इओलिडची चलाखी वेगळी. ती त्याच झोअँथिडचा रंग अंगावर घेते, त्यामुळे बंद राहिलेली कळी समजून आपण तिच्यावरून नजर फिरवून जातो. रात्री टॉर्च तिरकी धरली की हलणारी 'कळी' पकडली जाते.

या उभयलिंगी असतात. त्यामुळे एक सापडली तर अंडीही असणारच असं धरून चला. प्रवाळ बाहेर काढा, बाजारात मिळणाऱ्या कोरल डिपमध्ये (प्रवाळावरचे उपद्रवी जीव मारणाऱ्या द्रावणात) सूचनेप्रमाणे बुडवा, पिपेटने फवारा मारून सगळ्या सांदी धुवा. डिपने मोठ्या मरतात, अंडी टिकतात. ती नखाएवढ्या ब्लेडने खरवडावी लागतात, आणि प्रवाळ ज्या सिमेंटच्या बुंध्यावर बसवला आहे तो बुंधा फेकून नवा लावणं उत्तम. मग दर आठवड्याला हेच, निदान पाच-सहा आठवडे. इथे त्यांचा खाण्याचा हट्ट आपल्या कामाला येतो. मुख्य टाकीत मॉन्टिपोराचा एकही तुकडा ठेवला नाही, तर तिथे राहिलेल्या उपाशी मरतात.

सहावी पायरी: टाकी तिच्यासाठी तयार करा

मोटरच्या तोंडाशी फोम. बाकी सगळं नंतर. घरच्या टाकीत गोगलगायी उपासमारीने मरतात, तशाच पंपात ओढल्या जाऊनही मरतात. वेव्हमेकर, पॉवरहेड हे पाणी फिरवणारे पंप, संपकडे (फिल्टरच्या वेगळ्या टाकीकडे) जाणारा ओव्हरफ्लो, सगळीकडे बारीक जाळी किंवा फोम लावा आणि दर दोन-तीन दिवसांनी धुवा, नाहीतर प्रवाह बंद पडेल.

टाकीचं वय सहा महिन्यांच्या वर असावं. पाण्याचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या आसपास, तापमान २४ ते २६ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. पूर्वी माशांवर तांब्याचं औषध वापरलेली टाकी किंवा त्यातला खडक वापरू नका. तांबं अपृष्ठवंशीयांना अत्यल्प प्रमाणातही मारतं आणि खडकात मुरून बसतं. कृमींवरच्या औषधांचंही तेच, गोगलगाय टाकीत असताना ती घालू नका.

सोबती कोण? राससारखे चिकित्सक मासे, बटरफ्लाय, पफर, ट्रिगर, खेकडे, पेपरमिंट झिंगे, यातलं कुणी असेल तर बर्गिया त्यांचा खाऊ ठरते. गंमत म्हणजे लोक आयप्टेशियावर उपाय म्हणून आधी पेपरमिंट झिंगे आणतात आणि ते जमलं नाही की त्यांच्याच टाकीत बर्गिया सोडतात. मोठं समुद्रफूल असेल तर प्रवाहात सुटलेली लेट्यूस स्लग त्याच्या तोंडी जाते.

आणल्यावर पिशवी टाकीत तरंगवून तापमान जुळवा, मग एका भांड्यात ठिबक लावून तासभर टाकीचं पाणी मिसळत राहा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, प्रवासात तिने त्यात काय सोडलंय सांगता येत नाही. गोगलगायीला पिशवीतून काढताना तिने पाय चिकटवला असेल तर ओढू नका, पिपेटने पाण्याचा हलका झोत मारा.

सातवी पायरी: दर आठवड्याला माप घ्या

खाते की नाही हे नजरेने कळत नाही, पट्टीने कळतं. ती काचेवर अंग पसरून चालत असेल तेव्हा बाहेरून पट्टी धरून फोटो काढा आणि तारीख टाका. दोन आठवडे लागोपाठ लांबी घटली तर ताट संपलं आहे. रंग फिका पडणं, पायाच्या कडा वर वळणं, काचेवरून पुन्हा पुन्हा सुटून पडणं, ही पुढची लक्षणं. तिथवर थांबू नका, ज्याच्याकडे तिचं अन्न आहे त्याच्याकडे पोचवा. समुद्रात मात्र सोडायची नाही. ती तिथली नसेल, आणि तुमच्या टाकीतलं आणखी काय काय तिच्यासोबत जाईल याचा भरवसा नाही.

अंडी घातली तर घाबरू नका, त्यांच्यावरून ओळखही पटते. डोरिडची अंडी फितीच्या रूपात, काठावर उभी, गुलाबासारखी गुंडाळलेली. सी हेअरची शेवयांच्या गुंत्यासारखी. बर्गियाची पांढऱ्या दोऱ्याची चकली. बहुतेक जातींची पिल्लं पाण्यात तरंगत राहतात आणि फिल्टरमध्ये संपतात. बर्गियाची मात्र तरंगण्याचा काळ उरकून लवकर तळाला बसतात, म्हणूनच तिची पैदास घरी जमते. चकल्या डबीत वेगळ्या ठेवा आणि आयप्टेशियाचे बारीक तुकडे तयार ठेवा.

आणि मेली तर? मऊ अंग काही तासांत विरघळायला लागतं. नळीने लगेच ओढून काढा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) जोरात चालवा, ताजा कार्बन (पाण्यातली घाण शोषणारा कोळसा) घाला आणि पाव भाग पाणी बदला. शाई सुटली तरी हेच करायचं. विषारी जातीची असेल किंवा जात माहीत नसेल, तर मासे दुसऱ्या पाण्यात हलवण्याची तयारी बादलीसकट ठेवा.

त्या क्रोमोडोरिसनंतर दोन वर्षं मी गोगलगाय आणली नाही. मग टाकीत ब्रायॉप्सिस माजला तेव्हा एक लेट्यूस स्लग आणली, आणि ती यायच्या आधीच खिडकीत दोन काचेच्या बरण्या मांडल्या. टाकीचं जुनं पाणी, ब्रायॉप्सिस लागलेले चार खडे, थोडी हवा. टाकीतलं शेवाळ तिने अडीच महिन्यांत संपवलं. आता दर रविवारी एक हिरवा खडा बरणीतून टाकीत जातो आणि गेल्या आठवड्यातला पांढरा पडलेला खडा परत बरणीत येतो. आज सकाळी मोजली तर ४१ मिलिमीटर भरली. मागच्या रविवारी ४० होती.